चिंधाचा आडू

चिंधाच्या हातांना कापायची खाज. बागलाणात द्राक्षाच्या छाटणीवर वाढलेला माणूस. सिल्वासात येऊन सायली गावातल्या कंपनीत सूत गुंडाळायला लागला, तरी दिवाळी जवळ आली की हात शिवशिवायचे. तो राहायचा त्या आमली भागातल्या शेजारणी त्याला येताना पाहून तुळशीच्या कुंड्या आत घेत.

अंगणात त्याचा आडू होता, म्हणजे पीचचं झाड. कंपनीतल्या ललित ठाकूरनं हिमाचलातून रोप आणून दिलेलं. चिंधा दर दिवाळीला ते द्राक्षासारखं छाटायचा. सगळ्या काड्या आखूड, झाड न्हाव्याकडून आल्यागत. पुढं पालवी रगड फुटायची, फूल मात्र औषधालाही नाही.

बायकोला, लीलाला, त्या जागी पापडांना ऊन हवं होतं.

"होळीलोंग फूल नही दिसनं, तं हाई झाड मी होळीमा टाकसू," ती म्हणाली. "तुमलेबी संगे जानं व्हई तं सांगा."

चिंधानं घाबरून ललितला गाठलं. ललित पोट धरून हसला. "अरे भाई, फूल पिछले साल की टहनी पे आता है. तू हर साल फूल ही काटके फेंकता है."

आता मधली दाटी तेवढी काढायची, फूल धरणाऱ्या लालसर काड्यांना बोट लावायचं नाही. चिंधाला ऐकूनच घाम फुटला. त्यानं दाटी काढली आणि कैची आपणहून लीलाच्या पेटीत कुलूपबंद केली. थंडीत पानं गाळून झोपल्याशिवाय आडू फुलत नाही, आणि इथल्या कोमट थंडीत झाड झोपेना, म्हणून हातानं पानं ओरबाडत बसला. "झोप ना भाऊ," तो झाडाला म्हणे, अन् गल्लीतली पोरं कुंपणापाशी अंगाई गात.

एकदा लीलानं त्याला नेलकटरसकट झाडाशी पकडलं.

"नखं वाढनात का त्यानी?"

"एकच टोक..."

"घरमा चाला."

आणि माघातल्या एका सकाळी काड्याच्या काड्या गुलाबी झाल्या. चिंधा अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून घरोघर पळाला, अंघोळीला बसलेल्यांनाही त्यानं सोडलं नाही. "लांबून पहा, श्वासबी हळू घ्या."

लीला आली. झाड खालपासून वर न्याहाळलं, सगळ्यात टपोरं फूल खुडलं आणि अंबाड्यात खोवलं.

चिंधा कळवळला. "एक आडू गया ना वं."

"मनं झाड, मनं फूल. तुमले काय?"

मनं झाड! माझं झाड म्हणाली, म्हणजे होळी टळली. एवढं ऐकलं आणि चिंधा उरलेल्या दोन घरांना उठवायला पळाला.