शुक्रवारचा फोन

बेपत्ता नेटिव्ह अमेरिकन बायका-मुलींना शोधायला सरकारनं उघडलेल्या ऑफिसचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. तिथल्या प्रमुख बाई त्याच समाजातल्या. हसणं गडगडाटी, कॉफी कायम गार झालेली. 'नवीन बातमी नाही' असा मेसेज घरच्यांना आपोआप जाईल, अशी सोय मी हौसेनं केली होती. बाईंनी ती बंद करायला लावली. "हे काय मशीननं सांगायचं?"

दर शुक्रवारी त्या एकेका आईला स्वतः फोन करतात. "अजून नाही सापडली. पण शोधतोय आम्ही."

परवा मंगळवारी एक मुलगी सुखरूप सापडली, ऑफिसात आली. बाईंनी तिच्या आईला फोन लावला.

"आज शुक्रवार नाही," पलीकडचा आवाज थरथरला.

बाईंनी फोन मुलीच्या हातात दिला.

"मॉम," ती म्हणाली, "मी बोलतेय."