मोतीलालची फियाट खाली बसवली तेव्हा

तुमसरहून चिखल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुलाराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस मूळचा दिघोरीचा, धानाच्या बांधीतला. पण बैलांपेक्षा इंजिनाशी त्याचं जास्त जमलं. चिखल्याच्या खाणीच्या ट्रकांचे तुटलेले स्प्रिंगपाटे तो डोळे मिटून बदलायचा. फक्त एका कामाला तो हात लावत नसे. फियाटच्या पुढच्या स्प्रिंगला.

कारण त्याला ठाऊक होतं. पाट्यांचं काम वेगळं. फियाटच्या पुढच्या चाकामागे मात्र जाड सळईची वेटोळी असतात, आणि ती दाबून कोंबलेली असतात. सोडताना खालचा आधार जॅकवर घेऊन सुतासुतानं उतरवायचा असतो. एकोणीसशे बहात्तर साली भंडाऱ्यात तुलारामचे उस्ताद भय्याजी हेच करत होते. जॅक निसटला. आवाज एवढा मोठा झाला की समोरच्या पानठेल्यावरचा माणूस खाली बसला. भय्याजींचा जबडा फुटला होता. ते वाचले, पण पुढे आयुष्यभर पेज पिऊन राहिले आणि त्यांचं बोलणं त्यांच्या बायकोशिवाय कुणाला कळेना. त्या वेळी तुलाराम बावीस वर्षांचा होता आणि त्यांच्यापासून दोन हातांवर पाना धरून उभा होता.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर आंधळगावचा मोतीलाल फियाट घेऊन आला. घरचा धंदा हातमागाच्या लुगड्यांचा, पण जीव सगळा गाडीत. मुंबईला कुठं तरी त्यानं शर्यतीच्या गाड्या पाहिल्या होत्या.

"तुलारामभाऊ, गाडी समोरून दोन इंच खाली बसवून द्या. जमिनीले चिकटून धावली पायजे."

"मी ते काम नाई करत जी."

"काहून?"

तुलाराम हातातला पाना पुसू लागला. मोतीलाल म्हणाला, "ठीक हाये. तिकडं बाजारात एक वेल्डर हाये. स्प्रिंग न काढता गॅसनं तापवतो म्हन्ते. अर्ध्या घंट्यात बसते गाडी."

तुलारामनं पाना खाली ठेवला. तापवलेली स्प्रिंग बसते खरी, पण तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठपणा, उतरलेला असतो. आज दोन इंच बसली, तर महिन्याभरात आणखी बसेल, आणि एक दिवस मोडेल. मोतीलालचं सासर गोंदियाला. मागच्या सीटवर त्याची आई गोदावरीबाई, बायको, पोरं. वैनगंगेच्या पुलावर चाक आत अडकलं तर?

"तिकडं नका नेऊ," तो म्हणाला. "मले आठ दिवस द्या."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं, आपण कशाला हो म्हटलं ते.

नागपूरच्या भंगार बाजारातून त्यानं स्प्रिंगांच्या तीन जोड्या आणल्या. वेढे मोजले, सळईची जाडी पाहिली. मग शेजारच्या धानगिरणीच्या अंगणात एकेक स्प्रिंग उभ्या पाइपात ओवली, वर फळी ठेवली आणि धानाची पाच-पाच पोती चढवली. पहिली जोडी मऊ निघाली, वेढ्याला वेढा टेकला. खड्ड्यात अशी गाडी लोखंडावर लोखंड आपटणार. दुसरीवर निळसर डाग होते, म्हणजे कुणी तरी आधीच तापवलेली. तिसरी एका वेढ्यानं आखूड, पण सळई सूतभर जाड. पाच पोत्यांखाली ती थोडीच दबली आणि पोती काढताच होती तेवढी वर आली. तीनदा तपासून त्यानं तीच निवडली.

निवडणं सोपं होतं. बसवणं बाकी होतं.

त्या सकाळी तो जेवला नाही. त्याच्या बायकोनं, धुरपतानं, ताटाकडे पाहिलं.

"तब्येत बरी नाई काय?"

"आज फियाटची स्प्रिंग काढाची हाये."

भय्याजींना त्यांची बायको पेज भरवताना तिनं एकदा पाहिलं होतं. "मंग नाई म्हना ना त्याइले," ती म्हणाली.

"नाई म्हनलो तं तो जाळून बसवन."

जोडीदार कवडूला त्यानं गॅरेजबाहेर उभं केलं. "मी हाक मारल्याबिगर आत येजो नोको." ट्रकची साखळी आणून त्यानं स्प्रिंगच्या वेढ्यांतून घातली, चेसिसला दोन पीळ दिले. मग आडवा झाला, तोंड एका बाजूला घेऊन जॅकची किल्ली फिरवू लागला. एक सूत. थांबला. आणखी एक सूत. स्वतःचा श्वास त्याला पत्र्यावर आदळताना ऐकू येत होता. जबडा आपोआप आवळला गेला होता, इतका की दाढा दुखू लागल्या.

आणि जॅक कलला.

धाडकन आवाज झाला. डोळे मिटले गेले. काही तरी गरम मांडीवरून ओघळलं आणि त्याला वाटलं, रक्त. तो हलला नाही. किती तरी वेळानं त्यानं हात फिरवून चेहरा चाचपला. नाक होतं, जबडा होता. स्प्रिंग साखळीला हिसका देऊन कानापासून वीतभर अंतरावर लोंबत होती. रक्त नव्हतं, पायजमा ओला झाला होता.

"भाऊ!" बाहेरून कवडू ओरडला. "भाऊ, जिते हा ना?"

"हाव. आत येऊ नोको."

तो भिंतीला टेकून बसला. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग अजून गाडीतच होती. एका बाजूनं उघडी गाडी तशीच सोडून दिघोरीला निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. उठून त्यानं पायजमा बदलला. जॅकखाली लाकडी ठोकळे रचले, साखळीला आणखी एक पीळ दिला. दुसरी बाजू सोडायला त्याला दुपारचे तीन वाजले. नव्या स्प्रिंगा दाबून बसवायला संध्याकाळ. प्रत्येक सुताला तो थांबत होता.

मोतीलाल खूश होऊन गाडी घेऊन गेला. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"भाऊ, आंधळगावच्या रस्त्यावर नाल्याच्या रपट्याले खालून घासते. मायनं तं गाडीत बसनंच सोडलं. पैलेसारकी करून द्या."

तुलाराम स्टुलावर बसला. जुन्या स्प्रिंगा त्यानं तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्याच.

"आज नाई होनार. उद्या या," तो म्हणाला. "अन् मोतीलालभाऊ, उद्या तुमी इथं थांबा. बाहेर, कवडूजवळ. मले कितीक वेळ लागते ते पाहा."

मोतीलाल दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. आतून मधूनमधून फक्त किल्लीची खरखर यायची, मग लांबच लांब शांतता. दुपारी त्यानं कवडूला विचारलं, "एवढे कायले थांबून राहिले मिस्त्री?"

कवडूनं त्याला भय्याजींचं सांगितलं. चहा आला, तो मोतीलालनं तसाच ठेवला.

पुढं बरीच वर्षं तुलाराम फियाटच्या स्प्रिंगांची कामं करत राहिला. बालाघाटपासून लोक यायचे, कारण तो घाई करत नाही असं नाव झालं होतं. लोकांना वाटायचं, भीती मोडली मिस्त्रीची. धुरपताला खरं माहीत होतं. ज्या दिवशी फियाट यायची, त्या दिवशी ती सकाळी त्याच्यासाठी ताट मांडतच नसे.