आबांनी आजार कळवला

आमच्या डुकरांतली पहिली मादी मेली त्या सकाळी आबा गुरांच्या दवाखान्यात आले. मी तिथं परिचर म्हणून लागून बरीच वर्षं झाली होती, पण माझे वडील त्या फाटकातून आत आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. आत म्हणजे अंगणातल्या लिंबापर्यंतच. तिथं त्यांनी चपला काढल्या आणि उभे राहिले. शेळ्या घेऊन बसलेल्या दोन बायका जराशा सरकल्या.

"आबा, काय झालं?" मी विचारलं.

"तुझ्याकडं न्हाई आलो. डॉक्टरकडं आलोय."

आमच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या बाहेर आल्या तेव्हा आबांनी हात जोडले आणि घरून ठरवून आणल्यासारखं एका दमात सांगितलं, "रात्रीतून एक मादी गेली. अंगात लई ताप होता. कान निळे पडलते, पोटावर बी तसेच चट्टे. आज दुसरी पडून हाय, खातपीत न्हाई. येता का?"

मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला नाही. "चला मामा," म्हणाल्या आणि मला पेटी घ्यायला सांगितली.

आमची वस्ती बीड-पाटोदा रस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावाला चिकटून, नाल्याच्या काठावर आहे. मोजकी घरं, सगळी भावकीतली. डुकरं पाळणं हाच पिढ्यांचा धंदा. आबा रोज सकाळी हातगाड्यावर ड्रम ठेवून हॉटेलं आणि मंगल कार्यालयं फिरत आणि तिथलं खरकटं आणून डुकरांना घालत. कपिलधारला देवदर्शनाला जाणारी गर्दी रस्त्यावरच्या हॉटेलांत थांबली की ड्रम लवकर भरायचा. उरलेला दिवस डुकरं गावभर हिंडायची आणि संध्याकाळी पत्र्याच्या कोंडवाड्यात परत यायची. गावाला ती नको असायची, पण उकिरडे साफ व्हायचे तेही त्यांच्यामुळंच. शाळेत मला पोरं कुठल्या नावानं हाका मारायची ते इथं लिहीत नाही. दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा मायनं साखर वाटली. आबा एवढंच म्हणाले, "आता आपल्या जनावरालाबी कुणीतरी हात लावंल."

मॅडमनी लावला. आजारी मादीपाशी चिखलात बसून त्यांनी ताप पाहिला, रक्त काढलं, मेलेलीचे नमुने घेतले. नमुने बर्फाच्या डब्यात घालून आधी पुण्याला आणि तिथून भोपाळला जाणार होते. मग त्या आबांना म्हणाल्या, "मामा, खोटा धीर देत नाही. मला जी शंका आहे त्या आजाराला औषध नाही, लसही नाही. माणसाला काही होत नाही त्यानं. पण डुकरांत तो एकातून दुसऱ्यात झपाट्यानं जातो."

"म्हंजे सगळी?"

"रिपोर्ट येऊ द्या. तोवर एकही बाहेर सोडू नका. खरकटं घालू नका. आणखी कुणाची मेलीत का?"

आबांनी वस्तीकडं पाहिलं. दारादारांत माणसं उभी होती. "माझं मी सांगितलं. दुसऱ्याचं ज्यानं त्यानं सांगावं," ते म्हणाले.

कुणी सांगितलं नाही. माझ्या चुलत्याची दोन पिल्लं आदल्याच आठवड्यात नाल्यात टाकली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मरतातच अधूनमधून, असं म्हणून तो विषय संपला होता.

संध्याकाळी चुलता आमच्या अंगणात आला. तो आबांचा धाकटा भाऊ, रागीट, पण आबांपुढं कधी आवाज न चढवणारा. त्या दिवशी चढवला.

"दादा, कावून गेलतास दवाखान्यात? तुला कुणी बोलावलं होतं?"

"जनावर मरत होतं."

"मरू दे की! चार मरतील, चार राहतील. आता सरकार येईल अन् सगळीच मारील. तिकडं आसामात, कुठं कुठं मारलीत, फोनवर बघितलं न्हाई का?"

आबा हळू म्हणाले, "म्हशीला डॉक्टर येतो. शेळीला येतो. कुत्र्यालाबी सुई देतो. आपल्यालाच कावून लपवायचं? मी काय चोरी केली का?"

"चोरी न्हाई केली. घात केला," असं म्हणून चुलता निघून गेला. त्यानंतर तो आमच्या अंगणात आलेला नाही.

रिपोर्ट यायच्या आत दुसरी मादी मेली आणि तिची पिल्लंही. ज्या दिवशी दवाखान्यात फोन वाजला, त्या दिवशी मॅडमचा चेहरा पाहूनच मला कळलं. कलेक्टर ऑफिसातून आदेश निघाला. जिथं आजार सापडला तिथून एक किलोमीटरच्या आतलं प्रत्येक डुक्कर मारायचं, आजारी असो की धडधाकट. त्यापलीकडं दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची, डुकरांची ने-आण बंद, मांसाची विक्री बंद. आमच्या वस्तीच्या तोंडाशी फलक लागला. मीच तो खांबाला बांधला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना चुलत्याचा कोंडवाडा रिकामा होता.

मॅडम, नगरपंचायतीची माणसं आणि तलाठी असे सगळे त्या रिकाम्या पत्र्यांपुढं उभे राहिले. चुलती दारात बसून भाकरी थापत होती, मान वर न करता. मॅडम म्हणाल्या, "डुकरं कुठं नेलीत ते सांगा. ती जिथं गेली असतील तिथलीही मरतील." कुणी तोंड उघडलं नाही. भावाचं नाव आबांच्या तोंडूनही निघणार नव्हतं.

बोलली ती माय. पदर खोचत पुढं आली आणि म्हणाली, "गेवराईकडं नेलीत, टेम्पोत घालून. उमापूरच्या पुढं. तिथं भावजींची सासरवाडी हाय." मग चुलतीकडं वळून म्हणाली, "तिथंच माझी भन राहती गं. तिचीबी डुकरं हायत. मी कशी गप बसू?"

चुलतीनं हातातलं पीठ परातीत आपटलं आणि आत गेली.

पथक गेवराईला गेलं तेव्हा उशीर झाला होता. चुलत्याची डुकरं तिथल्या कळपात मिसळून एकाच डबक्यात लोळत होती. दोन तापानं फणफणलेली निघाली. तिथंही फलक लागला, तिथंही खड्डा खणला गेला. मावशीचं एकही जनावर वाचलं नाही. मायनं बहिणीला वाचवायला तोंड उघडलं होतं. मावशी मात्र आजही म्हणते की हा रोग तुमच्या वस्तीतून आला, आणि ते खोटं नाही.

आमच्याकडं मारायचा दिवस ठरला. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तू चुन्याच्या पोत्यांकडं थांब. कोंडवाड्यात दुसरे जातील."

"परक्या माणसाला ती बुजतात मॅडम. धावपळ होईल, जास्त हाल होतील. मी धरतो," मी म्हणालो.

आम्ही पांढरे पोशाख चढवले, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मे. सगळे एकसारखे दिसत होतो. आबा समोर येऊन एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिले. "ह्यातला आमचा कोणता?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला. त्यांनी मान हलवली.

कोंडवाड्यातली होती ती होती, पण कोंडून ठेवायच्या आधीच सुटलेली बरीच डुकरं गावात हिंडत होती. नगरपंचायतीची माणसं जाळी घेऊन दोन गल्ल्या धावली आणि दमली. लोक गच्च्यांवरून पाहत होते, कुणी मोबाईलवर शूटिंग करत होतं. शेवटी मॅडम आबांकडं आल्या. त्यांना बोलायला जड जात होतं. "मामा, तुम्ही बोलावलं तर येतील का?"

आबांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग हातगाडा काढला. ड्रम रिकामाच होता. त्यावर काठी मारत ते बाजारपेठेतून, बसस्टँडच्या मागून, शाळेच्या भिंतीकडून फिरले. गटारांतून, बाभळीखालून डुकरं निघाली आणि रोजच्यासारखी त्यांच्यामागं चालू लागली. एका दुकानदारानं नाकाला रुमाल लावून दुसऱ्याला म्हटलेलं मी ऐकलं, "बरं झालं, गावची घाण गेली." आबांनीही ऐकलं असणार. त्यांची काठी थांबली नाही.

सगळी आत आल्यावर त्यांनी फळी लावली आणि रस्ता ओलांडून पलीकडं, आमच्याकडं पाठ करून बसले.

आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. मॅडम सुई देत आणि मी धरून ठेवी. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मी त्यांच्या कानामागं खाजवत राहिलो, म्हणजे ती उभी राहत. आजाराचं एकही चिन्ह नसलेली, ओल्या तजेलदार नाकांची जनावरंही त्यांत होती. एक तरणी मादी पाय दुमडून माझ्या मांडीवर कलली. चष्म्याच्या आत माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायची सोय नव्हती.

खड्ड्यावरून आणखी वाद झाला. गायरानात खणायचं ठरलं होतं, तर शेजारचे शेतकरी जेसीबीपुढं आडवे झाले. आमच्या विहिरीचं पाणी नासेल, म्हणाले. ऊन चढत होतं आणि ताडपत्रीखाली जनावरं पडून होती. अखेर आबाच उठून आले. "आमच्या घरामागं खणा. आमच्याच दारात राहू द्या," म्हणाले. मॅडमनी पाण्यापासूनचं अंतर पाहून होकार दिला. खोल खड्डा, चुना, जनावरं, पुन्हा चुना, मग माती. ड्रम आणि कोंडवाड्याच्या फळ्या जाळल्या.

काम संपल्यावर मॅडम ओट्यावर टेकल्या. मायनं तांब्या भरून आणला आणि दूर धरूनच विचारलं, "आमच्याकडचं पाणी चालंल का?" त्यांनी तांब्या घेतला आणि पूर्ण रिकामा केला.

भरपाई आली, उशिरा आणि थोडी. पण त्याहून जड होतं ते रिकामपण. सकाळी आबा सवयीनं उठायचे आणि अंगणात उभे राहायचे. हॉटेलवाल्यांनी निरोप धाडला होता की आता येऊ नका, गिऱ्हाईक बिचकतं. हॉटेलातलं खरकटं जनावराला घालायला आता बंदीच होती. वस्तीतल्या हापशावर मायनं घागर लावली की बाकीच्या बायका आपली घागर उचलून उभ्या राहत. माझ्या चुलतभावाचं लग्न झालं तेव्हा मांडव आमच्या दारावरून दिसत होता. आम्हाला बोलावणं आलं नाही. आबांनी दार लावून घेतलं. बॅन्ड वाजत होता तोवर माय भिंतीला टेकून बसली होती.

दिवाळीनंतर आबा एका मुकादमाच्या टोळीत ऊसतोडीला गेले, मायला घेऊन. मी नको म्हणालो. माझा पगार होता, घर चाललं असतं. "बसून काय करू? इथं बसलं की ती माती दिसती," ते म्हणाले. आमच्या घराण्यात कोयता कुणी धरला नव्हता. त्या वयात त्यांनी धरला आणि हाताला कायमची जखम घेऊन परतले. आता दोन बोटं मिटत नाहीत. सध्या ते एका कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन आहेत.

बंदी उठल्यावर मॅडमनी त्यांना निरोप दिला होता. मामा, पुन्हा सुरू करा, शेड बांधून, मी मदत करीन. आबांनी ऐकून घेतलं आणि नको म्हणून सांगितलं.

चुलत्यानं मात्र दोन माद्या आणल्या. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी चुलती दवाखान्यामागच्या माझ्या खोलीवर आली. एकटीच, डोक्यावरून पदर ओढून. उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "एकीनं खाणं सोडलंय. मॅडमला घेऊन ये. त्येंनी मला धाडलं न्हाई, मीच आलेय."

मी मॅडमना घेऊन गेलो. चुलता नाल्याकडं तोंड करून उभा होता, पण त्यानं दोर सोडून मादीला पुढं आणली. कान निळे पडले नव्हते. पोट बिघडलं होतं, एवढंच. मॅडमनी औषध दिलं.

मग आमच्या घरी जाऊन मी आबांना सांगितलं. ते कामावर निघाले होते, शर्टाची गुंडी त्या न मिटणाऱ्या बोटांनी लावत होते.

"जगंल का?" त्यांनी विचारलं.

"जगंल."

ते आणखी काही विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी गुंडी तशीच सोडली, डबा उचलला आणि जिनिंगच्या रस्त्याला लागले.