पाच दिवसांची चिठ्ठी

शाळेतल्या ओळखपत्रांना प्लास्टिक चढवायचं मशीन माझ्या ताब्यात असायचं. मुख्याध्यापकांना त्याची धास्ती होती; कागद आत अडकला की ते हात वर करून मोकळे व्हायचे. त्यामुळे मुलांची ओळखपत्रं, कुणाचं आधार कार्ड, कुणाचा सातबारा, जे येईल ते मीच लॅमिनेट करून द्यायचे. त्याच मशीनमधून एकदा मी सासूबाईंची दवाखान्याची चिठ्ठी काढली. मधल्या सुटीत, दोन मिनिटांचं काम. आपल्याला किती सुचतं बाई, असं वाटून मी तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमचं घर झरीला आणि शाळा बोरीच्या पुढच्या एका खेड्यात. नवरा नांदेडला नोकरीला, तो शनिवारी यायचा. सकाळची एसटी चुकली तर काळीपिवळीत कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं जावं लागायचं आणि तरी उशीर व्हायचाच. दोन्ही मुली लहान. म्हणजे भाकरी, पाणी, दळण आणि मुली, सगळं आत्याबाईंवर. ‘आमच्या आत्याबाई आहेत म्हणून माझी नोकरी आहे,’ असं मी शाळेत कौतुकानं सांगायचे. सुनेनं सासूचं कौतुक केलं की लोकांना सुनेचंच कौतुक वाटतं, हेही मला ठाऊक होतं.

त्यांचे गुडघे दुखायला लागले ते चुलीपुढं. भाकऱ्या थापून झाल्या की त्या भिंत धरून उठायच्या आणि उठल्यावर थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या. ‘गुडघे लय ठणकायलेत माय, काय करावं,’ म्हणायच्या. मी त्यांना परभणीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, झीज झाली म्हणाले आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. एक पित्ताची, जेवणाआधी. दुसरी दुखण्याची, पांढरी, जेवणानंतर. पाच दिवस. ‘पाच दिवसांनी दाखवायला या,’ ते म्हणाले, ‘आणि मावशींचं खाली बसून काम करणं बंद करा.’

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्याबाई धाकटीला कडेवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या. मला भरून आलं. सहाव्या दिवशी गोळ्या संपलेल्या होत्या आणि त्या पुन्हा भिंत धरून उठल्या. त्या दिवशी भाकऱ्यांना वेळ झाला, धाकटी रडत बसली आणि माझी एसटी गेली. शाळेत नेमके केंद्रप्रमुख आलेले. सगळ्यांसमोर मला त्यांनी घड्याळ दाखवलं.

दाखवायला न्यायचं म्हणजे एक रजा. रजा शिल्लक नव्हत्या असंही नाही, पण त्या मी मुलींच्या आजारपणासाठी राखून ठेवल्या होत्या. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेले. दुकानदारानं चिठ्ठीवरची तारीख न बघता दोन पाकिटं काढली आणि चिठ्ठीच्या पाठीवर शिक्का मारला. पुढच्या खेपेलाही तेच. चार-सहा महिन्यांत चिठ्ठी घड्यांवर फाटायला लागली, शाई पुसट व्हायला लागली. म्हणून ते प्लास्टिक. लॅमिनेट केलेली चिठ्ठी पहिल्यांदा दिली तेव्हा दुकानदार हसला. त्यानं सवयीनं शिक्का मारला, पण प्लास्टिकवर शाई धरेना. त्यानं ती अंगठ्यानं पुसून टाकली. ‘बाई, आता ही जन्माची झाली,’ तो म्हणाला. मीही हसले.

मी मुलांची वेडीवाकडी अक्षरं वाचणारी बाई. डॉक्टरांचं अक्षर मला व्यवस्थित लागत होतं. ‘पाच दिवस’ हे शब्द प्लास्टिकखाली आधीपेक्षाही ठसठशीत दिसायचे, आणि ते मी दर खेपेला वाचायचे.

ती चिठ्ठी कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला लटकायची. मग गल्लीतल्या बायका मागायला लागल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळ्यांच्याच कमरा धरलेल्या. गोळीचं नाव त्यांना सांगता येत नसे, पण बाईंची चिठ्ठी दाखवली की काम व्हायचं. दुपारी कुणी न्यायची, संध्याकाळी आणून खिळ्याला लावायची. मला त्यात अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

त्याच काळातली गोष्ट. गावाबाहेरच्या मठातल्या बैराग्यानं आत्याबाईंना भांगेचा पाला दिला. तेलात गरम करून गुडघ्यावर बांधा म्हणाला. त्यांनी तो पदरात बांधून आणला आणि मी घर डोक्यावर घेतलं. ‘मी शिक्षिका आहे, नशेच्या वस्तू माझ्या घरात आणायच्या नाहीत, उद्या पोलीस आले म्हणजे?’ पाला मी स्वतः नेऊन उकिरड्यावर टाकला. आत्याबाई नुसत्या म्हणाल्या, ‘बांधायचाच व्हता, खायाचा न्हवता.’

त्याच आठवड्यात शाळेत एका गुरुजींनी मोबाईलवर बातमी वाचून दाखवली, की बाहेरच्या कुठल्याशा देशात गांजा कायदेशीर केला, दुखण्यावर औषध म्हणूनसुद्धा देतात. आपल्याकडं करावं का, यावर वाद रंगला. सगळ्यात मोठा आवाज माझा. कायद्यानं परवानगी दिली म्हणून विष काही अमृत होत नाही, असलं काहीतरी मी तावातावानं बोलले, आणि माझ्या पर्समध्ये संध्याकाळी घरी न्यायची दोन पाकिटं होती. त्या पाल्यानं आत्याबाईंचे गुडघे बरे झाले असते असं माझं म्हणणं नाही. मला माहीत नाही. पण त्या पाल्याला मी दहा प्रश्न विचारले आणि गोळीला एकही नाही.

एका गोळीच्या दोन झाल्या. मग तिसरी. ती मी फोनवर दिली. दुपारी आत्याबाईंचा फोन आला, आज उठताच येईना म्हणून. मी वर्गाबाहेर उभी राहून म्हटलं, ‘घ्या अजून एक, काही होत नाही.’ त्यानंतर दुपारची गोळी रोजची झाली. असं तीन वर्षं चाललं.

मग त्यांच्या बांगड्या हातात रुतायला लागल्या. सकाळी चेहरा सुजलेला दिसायचा. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मी म्हटलं, वाताची सूज असेल. अन्नाचा वास नको झाला, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा शनिवारी नवरा आल्यावर आम्ही दोघं त्यांना परभणीला घेऊन गेलो. या वेळी मोठ्या दवाखान्यात. रक्त तपासलं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, ‘दोन्ही किडन्यांना मार बसलाय. दुखण्याच्या गोळ्या किती दिवस चालू आहेत? कुणी सांगितल्या?’

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी आत्याबाई बोलल्या. ‘मीच खाल्ल्या साहेब. हिनं लय बार नगं म्हणलं, मी ऐकलं न्हाई. आडानी माणूस.’

आणि मी तोंड मिटलं.

बाहेरच्या बाकड्यावर नवरा आईला नाही नाही ते बोलला. ‘ती शिकलेली बाई सांगायली, तिचं तरी ऐकायचं ना!’ आत्याबाई खाली मान घालून ऐकत होत्या. मी शेजारी फाईल धरून उभी होते. ‘जाऊ द्या, आता बोलून काय उपयोग,’ असंसुद्धा मी म्हटलं. स्वतःची एवढी शिसारी मला आयुष्यात दुसऱ्या कशानंही आलेली नाही.

घरी आल्यावर दोघीच असताना मी विचारलं, तुम्ही असं का सांगितलंत? त्या शेंगा फोडत होत्या. ‘तुला त्येच्यासंगं नांदायचंय अजून,’ म्हणाल्या. ‘माझं काय, ऐकून घ्यायची सवय हाय.’ त्यांनी मला माफ केलं असं मला वाटलं नाही. त्यांनी फक्त अजून एक काम माझ्यासाठी केलं होतं.

चिठ्ठी मी कात्रीनं कापून चुलीत टाकली. प्लास्टिकचा घाण वास सुटला. आता आत्याबाईंना मीठ बंद, पाणीसुद्धा मापानं, दर महिन्याला रक्त तपासणी. डायलिसिस अजून लागलेलं नाही. कधी लागेल ते डॉक्टर सांगत नाहीत. गुडघे तर दुखतातच, आणि आता त्यावर घ्यायला काही नाही. भाकऱ्यांना मी एक बाई लावली आहे. ती दोन गल्ल्या सोडून राहते. गोळ्या संपल्या त्या सहाव्या दिवशीही ती तिथंच राहत होती. मी तिला विचारलं नव्हतं.

गावात मात्र आत्याबाईंनी सांगितलेलंच खरं धरलं गेलं. सून बिचारी नको म्हणायची, म्हातारीनं ऐकलं नाही.

या दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली. एक दिवस सकाळी शेजारी राहणारी, भावकीतली जाऊ आली. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, रोजानं वेचायला जाते. एक हात कमरेवर. ‘बाई, ती चिठ्ठी द्या की. कंबर लय धरलीय, वाकताच यीना.’

आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, ‘ती न्हाई द्यायची. ती पैल्यापासून त्या गोळ्यांच्या इरोधात हाय.’

मला ते ऐकवेना. ‘खोटं आहे ते,’ मी म्हटलं. ‘मीच आणायचे गोळ्या. तिसरी गोळीही मीच घ्यायला सांगितली. यांनी काम केलं तरच मला वेळेवर जाता यायचं, म्हणून. त्यानंच यांच्या किडन्या गेल्या. तू घेऊ नकोस.’ आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं, ती घाबरेल. ती आधी आत्याबाईंच्या सुजलेल्या पायांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. ‘म्हंजी तुमच्या नोकरीपायी त्येंला चालल्या,’ ती म्हणाली, ‘अन् माझ्या रोजापायी मला नगं म्हणायलाव.’

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती सरळ विचारल्यासारखं बोलली. बाहेर वेचणीच्या बायकांचा टेम्पो येऊन थांबला होता, तिला हाका मारत होते.

‘तुला परभणीला डॉक्टरकडं नेते मी,’ मी म्हटलं. ‘माझ्याबरोबर चल.’

‘कवा?’

‘रविवारी,’ मी म्हणाले.

रविवारी दवाखाने बंद असतात, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.