मुठीतले नऊ इंच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही — तिथं तर मी डोळे मिटून भलतंच काहीतरी पुटपुटत असतो. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की वय झालं म्हणून? जाऊ दे. कारणं शोधत बसलो की मूळ गोष्ट बाजूला राहते, आणि ती बाजूला ठेवायची सवय मला फार जुनी आहे.

लढाईचे दिवस होते. साताऱ्याकडच्या एका गावात — नाव घेत नाही, तिथं अजून माणसं आहेत — मी मुन्शिपाल्टीत कारकून होतो. गावात जुनी पेठ होती. लाकडी फळ्यांची दुकानं, एकाला एक चिकटलेली, आणि मधे रस्ता असा अरुंद की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या म्हणजे गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे. म्हणून नियम होता. दुकानापुढं उन्हासाठी ताणलेलं कापड — आम्ही त्याला छपरी म्हणायचो — चार फुटांपुढं यायचं नाही. पाटी भिंतीला सपाट असायची, रस्त्यावर लोंबकळायची नाही. दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्या पेठेच्या पाट्या आणि छपऱ्या तपासायच्या, मापं वहीत चढवायची. हे काम माझ्याकडं होतं.

आणि मला त्याचा केवढा तोरा! मी मापाची फीत घेऊन पेठेत शिरलो की भुसारवाला उठून उभा राहायचा, तांबट ठोकठोक थांबवायचा. मी मान वर करून पाट्या वाचत चालायचो. कुणाचा रंग उडालाय, कुणाचा खिळा सैल झालाय. पाटण भागातल्या खेड्यातलं पोरगं मी, आणि अख्खी पेठ माझ्याकडं बघतीय! चोवीस वर्षांचं वय. शहाणपण कुठून असणार? — हे बघा, लागलो लगेच सबब सांगायला.

तर पेठेच्या टोकाला आप्पा शिंप्याचं दुकान होतं. पश्चिमेकडं तोंड. दुपार कलली की ऊन सरळ मशीनवर. छपरीखाली आप्पा बसायचे, साठीच्या पुढचे, कानावर खडू. त्यांची पाटी मला आवडायची. पिवळ्या फळीवर काळी अक्षरं — ‘माप एकदाच’. नावसुद्धा नाही. नावाची गरजच नव्हती. आप्पा गिऱ्हाइकाच्या अंगावरून एकदा फीत फिरवायचे, आकडा लिहून ठेवायचे नाहीत, आणि आठ दिवसांनी सदरा असा बसायचा की बास. पंचक्रोशीतली नवरदेव मंडळी तिथंच यायची. आप्पांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो फुकटचा नव्हता.

एका साली त्यांची छपरी मी मापली तेव्हा सत्तावन्न इंच भरली. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस. नऊ इंच जास्त. मी म्हटलं, आप्पा, कापावी लागेल. त्यांनी हुज्जत घातली नाही. चारच दिवसांत नऊ इंच कापून, कडेला दुमड घालून, सुबक शिवून टाकली. मी सायकलवरून चाललो होतो तर हाक मारली, “आवं सायेब, मापून तर बगा!” मी सायकलवरूनच ओरडलो, “तुमचं माप मी काय बघायचं आप्पा? तुम्ही शिंपी!” ते खूश होऊन हसले. मीही हसलो. आणि वहीतला सत्तावन्नचा आकडा — तो तसाच राहिला.

पुढच्या साली मी पेठेत गेलोच नाही. ऊन होतं, आणि मला कंटाळा आला होता. बस्, एवढंच. आजार नाही, अडचण नाही. कचेरीत पंख्याखाली बसून जुन्या वहीवरून नवी वही उतरवून काढली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हेच. कोण बघतंय?

बघणारा आला. नवे साहेब आले होते, परगावचे, आणि कडक. आल्या आल्या त्यांनी नळाची वही बसल्या जागी भरणाऱ्या एका कारकुनाला घरी बसवलं. त्याची बायको कचेरीच्या दारात येऊन रडली, तरी साहेब बधले नाहीत. आणि त्याच आठवड्यात म्हणाले, चला, पेठ बघू. माझी पाचावर धारण बसली. वही काखेत धरून मी त्यांच्यामागून चाललो. पुष्कळ दुकानं जुळली — पेठेत काय रोज बदल होतात? साहेब वहीत बघायचे, वर बघायचे, मान हलवायचे. मला वाटलं, सुटलो.

आप्पांच्या दुकानापुढं साहेब थांबले. “सत्तावन्न? मग अजून उतरवली कशी नाही?”

आप्पा मशीनवरून उठले. हात जोडले, पण घाबरले नव्हते. कशाला घाबरतील? “सायेब, म्या कापलीया की. आट्टेचाळीस हाय. मापून बगा.”

साहेब माझ्याकडं वळले. माप तुम्ही स्वतः घेतलं होतं ना? मी म्हटलं, होय साहेब. कधी? परवाच, साहेब. बघा — किती सहज निघालं तोंडातून! साहेब म्हणाले, मग परत घ्या, माझ्यासमोर.

फीत मी आणलीच नव्हती. आप्पांनी गळ्यातली स्वतःची काढून दिली. दारावरच्या तुळईपासून छपरीच्या कडेपर्यंत मापायचं. मी आत स्टुलावर चढलो, साहेबांकडं पाठ. बाहेरच्या कडेला आप्पांनी फीत धरली. मी टोक तुळईला टेकवलं. फीत ताणली गेली, आणि अंदाजानंच मला कळलं — अठ्ठेचाळीस. दोराभरही इकडंतिकडं नाही.

आता खरं बोललो असतो तर काय झालं असतं? वही खोटी ठरली असती. मी घरी बसलो असतो. बाप खेड्यात सगळ्यांना सांगत हिंडत होता, आमचं पोरगं कचेरीत हाय... हे सगळं त्या वेळी मनात आलं का, विचाराल तर नाही आलं. मनात काहीच आलं नाही. हातानं केलं. फितीचं टोक मी मुठीत ओढून घेतलं आणि नऊचा आकडा तुळईला टेकवला. नऊ इंच माझ्या मुठीत चुरगळून बसले. आणि वरून मी म्हणालो, “आप्पा, तुम्हीच वाचा.”

आप्पा वाकले. डोळे बारीक केले. पुन्हा वाकले. त्यांची मान खाली होती, मला फक्त टोपी दिसत होती. मग म्हणाले, “सत्तावन्न.” थांबून, अगदी हळू, “व्हय. सत्तावन्नच हाय की.”

साहेबांनी बरोबरच्या माणसांना छपरी उतरवायला सांगितली. आप्पा म्हणाले, फाडू नका, कापड मिळत न्हाई आजकाल, मीच कापतो. आणि त्यांनी तिथंच खडूनं रेघ मारली, कात्री चालवली, आणखी नऊ इंच. सरळ, एका दमात. मी मधे पडून साहेबांना म्हणालो, मुद्दाम नसेल केलं साहेब, म्हातारा माणूस, हातून चुकलं असेल. केवढा दयाळू मी! साहेबांनी आप्पांना सोडून दिलं आणि माझ्या वहीवर सही केली.

छपरी आखूड झाली, ऊन मशीनवर येऊ लागलं. जाड कापड सगळं पलटणीकडं जायचं, नवं मिळायची सोय नव्हती. पण उन्हाचं सोडा. ऊन माणूस सोसतो. आप्पांनी दुसऱ्या दिवशी आपली फीत कापडवाल्याच्या मापाच्या गजाला लावून बघितली. फीत बरोबर निघाली. मग चुकलं कोण? त्यांना एकच उत्तर सापडलं.

तेव्हापासून ते दोनदा मापू लागले. मग तीनदा. आकडा कागदावर लिहू लागले, लिहिलेला पुन्हा ताडून बघू लागले. गिऱ्हाईक कंटाळायचं. सगळ्यांत वाईट म्हणजे, फीत लावून झाली की ते गिऱ्हाइकालाच म्हणायचे, “तुमीच वाचा बगू.” माझंच वाक्य. लोक आधी हसले, मग म्हणाले आप्पांचं माप गेलं, मग दुसरीकडं जायला लागले. लग्नाचे कपडे यायचे बंद झाले, नुसती ठिगळं राहिली.

पुढच्या तपासणीला मी पायी गेलो, प्रत्येक दुकानापुढं उभा राहिलो. आप्पांची छपरी एकोणचाळीस इंच भरली. पाटी नव्हती. चार खिळे तेवढे होते. मी विचारलं तर म्हणाले, “लबाड पाटी कशाला लावायची, सायेब?” मी वहीत लिहिलं — पाटी नाही. त्या साली वहीतली सगळी मापं खरी होती.

मग मला सांगलीला एका वखारीत नोकरी लागली. आता सांगायला काय हरकत होती? साहेबाची भीती नाही, नोकरीची नाही. त्याचसाठी मी आप्पांकडं कोट शिवायला टाकला. मनाशी घोकून गेलो होतो. त्यांनी तीनदा माप घेतलं, तीनही वेळा मी आकडे वाचले. माझा खांदा मापता मापता तेच म्हणाले, “त्या दिशी तुमी सायबाफुडं माजी बाजू घेतलीसा. न्हाईतर पेठंत मला लबाड म्हनलं असतं. लय उपकार झालं बगा.” त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मी म्हटलं, त्यात काय आप्पा.

कोट घालून मी सांगलीला गेलो. बाह्या, खांदे, गळा — कुठं बोटभरही कमीजास्त नव्हतं. लोक विचारायचे, कुणी शिवला हो? मी सांगायचो, आमच्याकडं एक आप्पा आहेत, त्यांचं माप कधी म्हणजे कधी चुकत नाही. सांगलीत हे मी दहा जणांना सांगितलं. आप्पांना सांगितलं नाही.