परीक्षाभाई

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, बहारीनच्या मनामा शहरातल्या आमच्या खोलीत सगळे आडवे व्हायचे आणि एकटे परीक्षाभाई भिंतीला पाठ टेकून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष घोकत बसायचे. माणूस महाडचा, नोकरी बहारीनमधल्या एसी कंपनीच्या स्टोअरमध्ये आणि डोक्याला ताप अमेरिकेच्या यादवी युद्धाचा. त्यांचं खरं नाव कुणी घ्यायचंच नाही.

हौस म्हणून हे चाललं नव्हतं. डिग्रीशिवाय सुपरवायझरची ग्रेड नाही आणि ग्रेडशिवाय फॅमिली व्हिसा नाही, असं मॅनेजरने सांगून टाकलं होतं. गावी मेहुण्याच्या घरी बायको होती आणि चार वर्षांची मुलगी सलमा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अशी सोय होती की अमेरिकेच्या इतिहासासारख्या सक्तीच्या विषयाची परीक्षा पास झालात की डिग्रीसाठी लागणारं क्रेडिट मिळायचं, वर्गात बसावं लागत नसे. "ड्युटी सोडून वर्गात कोण बसवणार मला? परीक्षा द्यायची, विषय खलास," भाई म्हणायचे.

पहिल्याच परीक्षेत माती खाल्ली. भाई आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे गाइड घोकून गेले. कारणे द्या, टिपा लिहा, सगळं तयार. पेपरात लिहायला ओळभर जागा नव्हती. चार उत्तरांतलं एक निवडून पेन्सिलीने गोल काळा करायचा होता. "एवढं पाठ केलेलं, आता सांगू कुणाला?" म्हणत त्यांनी ते सगळं मला म्हणून दाखवलं. मी संगमेश्वरचा, शेजारच्या कॉटवरचा. ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग वर्षं गेली. ओव्हरटाइम आला की अभ्यास बुडायचा, अभ्यास केला की कामावर डुलक्या यायच्या. तरी एकेक विषय सुटत गेला. सुट्टीवरून परत आले की मात्र भाई आठवडाभर पुस्तक उघडायचे नाहीत. एकदा म्हणाले, "सलमा आता मामाला विचारल्याबिगर माझ्यासंगती बाजारात येत नाय." मला फार वाईट वाटलं. माझाही मुलगा तिकडेच वाढत होता.

अखेर डिग्री झाली, ग्रेड मिळाली, व्हिसाही झाला. मनामाजवळच्या रिफाला दोन खोल्या घेऊन भाईंनी मायलेकींना आणलं. मी जेवायला गेलो तेव्हा भाभींनी सुरमई केली होती आणि उंच झालेली सलमा ताटात बोट फिरवत बसली होती. भाई तिला नव्या शाळेचं, झल्लाकच्या समुद्राचं कौतुकाने सांगत होते. ती प्रत्येक गोष्टीला अदबीने "हो" म्हणत होती. पुढे तिचं जेवणच तुटलं. तिला मामाचं घर हवं होतं, तिथली शाळा हवी होती. भाई रागावले नाहीत. दोघींचीही परतीची तिकिटं त्यांनीच काढली.

विमानतळावरून ते थेट आमच्या खोलीवर आले आणि जुनी कॉट रिकामी आहे का, असं त्यांनी विचारलं. होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाई, थोडे दिवस धीर धरायचा होता. पोर रुळली असती."

भाई वाकून बूट काढत होते. "रुळलेलीच हाय रे ती," ते म्हणाले. "तिकडं, मामाकडं."

मग भिंतीकडे तोंड करून ते झोपले. सकाळी ड्युटी होती.