दुबईला इंजिन फिरत नाही

"घाबरू नका, गाडी मागं न्हाई, पुढंच चाललीय."

गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं, हे दौंड स्टेशनात मामांचं काम. तुम्ही तेव्हा पुण्याहून नगरकडे गेला असाल तर आठवेल. गाडी जिकडून आली तिकडंच पुन्हा निघायची, आणि ती परत पुण्याला चालली असं वाटून नवखा माणूस पिशवी उचलून दाराकडे धावायचा. असल्यांना मामांनी नोकरीभर हे एकच वाक्य ऐकवलं.

मी निमोण्याचा. आई-वडील दुसऱ्याच्या रानात कांदे काढायचे. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. कॉलेजसाठी दौंडला मामांच्या शेजारी खोली घेतली, ते अख्ख्या गल्लीचेच मामा, आणि पहिल्याच वर्षी गणितात उडालो. ट्रंक भरली.

मामा दारात उभे. "कुठं निघाला?"

"घरी. नापास झालो."

"आरं, इंजिन फिरलंय नुसतं!" म्हणाले आणि ट्रंक पायानं कॉटखाली ढकलली. मी बी.एस्सी. झालो, कारेगावच्या कारखान्यात लागलो.

पुढं मामा रिटायर झाले, मामी गेल्या, लंडनच्या लेकीला मुलगी झाली. लेक बोलवायची, मामा टाळायचे. नात दोन वर्षांची झाली, तेव्हा कुठं मला बोलावून वही पुढं केली.

"अंतर सांग. टाइम सांग. मग बघू."

"मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. थेट गेलं तर दहा तास. येताना तासभर कमी."

"अंतर तेच ना? मग येताना लवकर कशी?"

"वर वारं पश्चिमेकडून असतं, मामा."

"म्हंजी सायकलवर जाताना छातीवर, येताना पाठीवर." पटलं. वहीत लिहिलं.

पण लेकीनं काढलेलं तिकीट दुबईवरून होतं, तिथं तीन तास थांबा.

"तीन तास? आम्ही वीस मिंटांत इंजिन फिरवायचो!"

"तिथं इंजिन फिरत नाही. विमान बदलायचं."

मामांनी वही मिटली. मग हळूच, "आन् चुकीच्यात बसलो तर?"

दोन वर्षं हे अडलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडणारा माणूस स्वतः मनमाडच्या पुढं गेला नव्हता.

"मामा, घाबरू नका. गाडी पुढंच चाललीय."

"माझंच मला सांगतो व्हय रं?" म्हणाले. पण उठून पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट काढला. नात जन्मली त्याच महिन्यात काढून ठेवलेला.

दुबईला विमान बरोबर बदललं. लंडनवर मात्र विमान घिरट्या घालू लागलं. समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर चाळीस किलोमीटरचं साठ झालं. शेजारची पंजाबी बाई रडकुंडीला आली, वापस ले जा रहे हैं म्हणून. मामांनी तिला समजावलं, "घबराव मत. गाडी पीछे नहीं, आगेच जा रही है."

हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. "पोचलो. चाळीस मिंटं लेट."

मागून लेक ओरडली, "दोन वर्षं लेट, आप्पा!"

दौंडला त्यांच्या दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. मामा लंडनला पोचले. नात खांद्यावर आहे.